निळ्या रंगाचा शेजार

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपल्या वाडवडिलांच्या तोंडी होती. माणसाच्या अंगच्या तेजाहून वस्त्राचे तेज दसपट, असा तिचा सरळ अर्थ. पांढरा झगा घालून आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्याने वस्त्रांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु धर्मगुरूच्या वाट्याला विवाहपूर्व भेटी येतात, घरोघरचे आशीर्वाद येतात, युवकांच्या सहली येतात. आणि या तिन्ही ठिकाणी कपड्यांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. अलीकडे तर तो एका नव्याच रूपात आमच्यापुढे आला आहे. तरुण मुलेमुली स्वतःचा ‘ऋतू’ शोधू लागली आहेत आणि त्या ऋतूला साजेल अशी जीन्स कोणती, याचा मोठ्या गांभीर्याने विचार करू लागली आहेत.

या कल्पनेचा उगम फार जुना नाही. योहानेस इटेन हा स्विस चित्रकार १९१९ ते १९२३ या काळात जर्मनीतील वायमारच्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत अध्यापन करीत होता. विद्यार्थ्यांना आपापल्या पसंतीने रंगांची जुळणी करावयास सांगितली, तर प्रत्येकाची जुळणी निराळी होते आणि पुष्कळदा ती ज्याच्या त्याच्या केसांशी, डोळ्यांशी, कांतीशी नाते सांगते, असे त्याला शिकविताना आढळले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात त्याने हा विचार मांडला. पुढे अमेरिकेत या विचाराला कापडदुकानाची वाट सापडली. कॅरोल जॅक्सन यांचे ‘कलर मी ब्यूटिफुल’ हे पुस्तक १९८० मध्ये निघाले आणि माणसांची वसंत, उन्हाळा, शरद व हिवाळा अशा चार ऋतूंत वाटणी करण्याची पद्धत घरोघर पोचली. आज ते काम मोबाइल करतो. त्याला आपले छायाचित्र दाखवले की तो क्षणात आपला ऋतू सांगून मोकळा होतो.

पद्धत अशी. मनगटाच्या शिरा दिवसाच्या उजेडात निळसर दिसल्या तर कांती ‘थंड’ धाटणीची, हिरवट दिसल्या तर ‘उबदार’ धाटणीची. उबदार आणि उजळ तो वसंत. थंड आणि मवाळ तो उन्हाळा. उबदार आणि गडद तो शरद. थंड आणि ठसठशीत तो हिवाळा. मग प्रत्येकाच्या वाट्याची जीन्स ठरते. वसंताला उजळ, स्वच्छ निळी. उन्हाळ्याला विटल्यासारखी, राखट निळी. शरदाला पिवळसर झाक असलेली गडद निळी, अथवा तपकिरी आणि शेवाळी. हिवाळ्याला गर्द निळी, काळी किंवा पांढरीशुभ्र. उन्हाळा हा थंड व मवाळ ऋतू होय, हे मराठवाड्यातल्या वैशाखात भर दुपारी उभे राहून कोणाला पटेल, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू!

या सर्वांत तथ्य मुळीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या आया-मावश्यांना ही विद्या पुस्तकावाचून अवगत होती. साडी खांद्यावर टाकून पाहताना ‘हा रंग तुला खुलतो’ असे त्या म्हणत. खुलणे हा शब्द किती नेमका आहे पाहा. फूल खुलते, आभाळ खुलते, तसा माणूस एखाद्या रंगाच्या सान्निध्यात खुलतो. त्यात बोल लावलेला नाही, उणे काढलेले नाही.

परंतु या पद्धतीचा पाया घातला गेला तो पाश्चात्त्य देशांत, तेथल्या केसांचे, डोळ्यांचे आणि कातडीचे नाना प्रकार पाहून. पिंगट, सोनेरी, तांबूस असे केस आणि निळे, हिरवे, करडे असे डोळे त्या मोजपट्टीत बारकाईने बसतात. आफ्रिकेतील आणि आशियातील बहुतेक माणसांना मात्र सरसकट ‘हिवाळ्या’त टाकून ते पुस्तक पुढे गेले. शेंगदाण्याच्या टरफलापासून पिकल्या जांभळापर्यंत ज्या देशात कांतीच्या छटा आहेत, त्या देशाला हे एकच दालन कसे पुरावे? आपल्या भाषेत केतकी, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा असे एकाहून एक सुरेख शब्द आहेत. दुर्दैव असे, की लग्नाच्या बाजारात याच शब्दांची आपण उतरंड रचली आणि खालच्या मडक्यांवर सगळा भार टाकला.

हा भार किती लहान वयात खांद्यावर येतो, हे आम्ही गेल्या वर्षी नाताळ आटोपल्यावर पाहिले. वसईहून आमच्या धर्मग्रामातील युवकांना घेऊन आम्ही अजिंठ्याला निघालो होतो. त्यांत अकरावीत शिकणारी एक मुलगी होती. गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राहणारी, बोलकी. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने आयुष्यातील पहिली स्वकमाईची खरेदी केली होती: फिकट निळी जीन्स. ती खास सहलीसाठी घेतलेली. पण पिशवीतून बाहेर काही येईना. मैत्रिणींकडून कारण कळले. मोबाइलने तिचा ऋतू ‘हिवाळा’ सांगितला होता आणि फिकट निळा तिला वर्ज्य ठरवला होता. त्यावर नात्यातल्या एका बाईंनी कळस चढवला होता, ‘‘आपल्या रंगाला असलं फिक्कं शोभत नाही गं. आणखीनच काळी दिसशील.’’

मोबाइलचे शब्द पुसून टाकता येतात; नात्यातल्या माणसाचे येत नाहीत. आम्ही काही बोललो नाही. अशा वेळी धर्मगुरूने केलेला उपदेश हा त्या पोरीच्या अंगावर घातलेला आणखी एक न शोभणारा कपडा ठरतो, हे इतक्या वर्षांत आम्हाला कळून चुकले आहे.

फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी सोडून दुसऱ्या बसने लेण्यांकडे जावे लागते. वाघूर नदीने घोड्याच्या नालाच्या आकाराचे वळण घेतले आहे आणि त्या वळणाच्या काळ्या कड्यात तीस लेणी ओळीने कोरलेली आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांची नव्याने ओळख झाली. पहिल्या लेण्यात शिरले, की बाहेरच्या उन्हाने दिपलेले डोळे प्रथम काही पाहतच नाहीत. हळूहळू भिंतीतून एकेक आकृती पुढे येते. हातात कमळ धरलेला, डोळे खाली झुकवलेला पद्मपाणी येतो. पट्ट्यापट्ट्यांची तलम वस्त्रे येतात. आणि याच लेण्यात ती स्त्रीही आहे, जिला ‘काळी राजकन्या’ म्हणून ओळखतात. कांती गडद, नजर शांत, डोक्यावर मुकुट, गळ्यात अलंकार. आजूबाजूला गोऱ्या, गव्हाळ, तांबूस, हिरवट सावळ्या अशा कितीतरी आकृती आहेत. कोण मोठे, कोण लहान, हे तेथे कातडीवरून सांगता येत नाही.

आमची ती मुलगी तेथे बराच वेळ थांबली. पुढचा गट निघून गेला तेव्हा हळूच म्हणाली, ‘‘फादर, हिला कुणी म्हटलं नसेल का, तुला हे शोभत नाही म्हणून?’’

‘‘म्हटलं असेल गं,’’ आम्ही म्हणालो, ‘‘पण चित्रकाराने ते ऐकलेलं दिसत नाही.’’

ती हसली. सतराव्या लेण्यात आरसा हाती घेऊन शृंगार न्याहाळणारी प्रसिद्ध राजस्त्री आहे. तिच्या भोवती सेविका आहेत. तेथेही मुलींचा घोळका रेंगाळला. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ती स्त्री आपल्यासारखीच आरशापुढे वेळ घालवते, याचा त्यांना कोण आनंद! दुसऱ्या दिवशी वेरूळला जाताना ती फिकट निळी जीन्स पिशवीबाहेर आली. ती कोणाच्या विशेष लक्षातही आली नाही. दुपारी जेवताना तिच्यावर आमटी सांडली तेव्हा कोठे सर्वांना कळले, की आज हिने नवी जीन्स घातली आहे!

अजिंठ्याच्या चित्रकारापाशी रंग किती होते? तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा आणि चुन्यासारखा पांढरा. बहुतेक सारे मातीतले आणि दगडातले. निळा तेवढा परदेशचा पाहुणा. वाकाटक काळातील चित्रांत दिसणारा निळा हा लाजवर्द नावाच्या मौल्यवान दगडाच्या पुडीचा आहे आणि तो दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. याच खाणींतील निळा पुढे युरोपात पोचला आणि तेथल्या थोर चित्रकारांनी तो पवित्र मरियेच्या शेल्यासाठी राखून ठेवला. वाघूरच्या काठची भिंत आणि इटलीतील वेदीचित्र यांना जोडणारा एवढा एक धागा मनाला सुखवून जातो.

इतक्या मोजक्या रंगांत तो चित्रकार सर्वांना खुलवी, त्याचे गुपित शेजारात आहे. गडद कांतीच्या मागे तो उजळ रंग ठेवी, उजळ कांतीमागे गडद. याच गोष्टीचा शास्त्रीय उलगडा पुढे फ्रान्समध्ये झाला. मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलॅं विणकामशाळेत रंगविभागाचा प्रमुख होता. तेथल्या काळ्या रंगाला जोम नाही, अशी तक्रार होती. त्याने तपास केला, तेव्हा काळ्या रंगात खोट आढळली नाही. त्याच्या शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्याला निस्तेज करीत होते. १८३९ मध्ये त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला. रंग एकटा कधीच दिसत नाही. तो शेजाऱ्यासह दिसतो. खोट काळ्यात नव्हती, शेजारात होती, हे वाक्य प्रत्येक घराच्या आरशावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

आता जीन्सच्या निळ्याकडे वळू. हा निळा लाजवर्दाचा नव्हे, नीळ या झाडाचा. युरोपीय भाषांतील ‘इंडिगो’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘भारतातला’ असा आहे. या निळीपायी बंगालच्या शेतकऱ्यांनी १८५९ मध्ये उठाव केला आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले. १८९७ मध्ये जर्मन कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि शेतातली नीळ मागे पडली. कापडाचीही कथा आपल्याकडून जाते. इंग्रजीतील ‘डंगरी’ या जाड्याभरड्या कापडाच्या नावाचे नाते मुंबईच्या डोंगरीशी सांगितले जाते. ‘डेनिम’ हे नाव फ्रान्समधील नीम या शहराचे आणि ‘जीन’ हे इटलीतील जिनोआचे. त्या जिनोआच्या धर्मप्रांतीय संग्रहालयात निळीने रंगवलेली तागाची चौदा मोठी वस्त्रे आहेत. त्यांवर पांढऱ्या रंगाने प्रभू येशूच्या दुःखसहनाची दृश्ये रेखाटली आहेत आणि त्यांतील सर्वांत जुनी १५३८ च्या सुमाराची आहेत. पवित्र सप्ताहात ती मठाच्या चर्चमध्ये लावीत. जीन्सची ही पूर्वज मंडळी! मरियामातेचा शेला महागड्या दगडाचा आणि तिच्या पुत्राच्या वेदनांचे वस्त्र मात्र कामकऱ्यांच्या निळीचे. सुताराच्या घरात वाढलेल्याला ते खचितच परके वाटले नसते. पुढे १८७३ मध्ये लेव्ही स्ट्राउस आणि जेकब डेव्हिस यांनी खिशांना तांब्याच्या खिळ्या ठोकण्याचा हक्क अमेरिकेत नोंदवला आणि मजुरांची ही पँट जगभर गेली.

जीन्स विटते कशी, हे समजून घेतले तर ऋतूंचे निम्मे कोडे सुटते. या कापडातील उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. म्हणून ते वरून निळे व आतून पांढरट दिसते. उभे धागे निळीच्या द्रावणात बुडवून पुन्हा पुन्हा हवेत धरतात. द्रावणातून बाहेर येताना धागा पिवळट हिरवा असतो. हवा लागताच डोळ्यांदेखत निळा होतो. पण नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच्या थरात बसते. घासले, धुतले, की तो थर झिजतो आणि आतला पांढरा डोकावतो. गुडघा, खिसा, मांडी येथे प्रथम. म्हणजे गर्द निळी म्हणून घेतलेली ‘हिवाळी’ जीन्स अंगावर वापरता वापरता मध्यम निळी होते आणि काही वर्षांनी राखट फिकट ‘उन्हाळी’. एकाच पँटमध्ये ऋतुचक्र फिरते. चार ऋतूंच्या चार पँटा घेण्याची ऐपत सर्वांची नसते. ज्याला एकच घ्यायची आहे त्याने गर्द घ्यावी. गर्दाचे फिके होते, फिक्याचे गर्द होत नाही.

दुकानात मिळणारे आयते विटलेपण मात्र कोणाच्या तरी श्रमातून आलेले असते. जीन्स जुनी भासावी म्हणून तिच्यावर वाळूचा जोरदार मारा करण्याची रीत होती. त्या धुळीने तुर्कस्तानातील अनेक तरुण कामगारांची फुप्फुसे निकामी झाली आणि काहींचे प्राण गेले. २००९ मध्ये त्या देशाने ही रीत बंद केली. गुडघ्यावर पांढरा डाग विकत घेण्यापेक्षा तो स्वतःच्या गुडघ्याने मिळवलेला बरा. प्रार्थनेने मिळाला तर उत्तमच, पण भांडी घासून, बाग खणून मिळाला तरी चालेल.

ऋतूप्रमाणे वस्त्रांचे रंग ही गोष्ट आम्हाला मुळीच नवी नाही, हेही येथे सांगावयास हवे. सेमिनरीत पाऊल टाकले त्या वर्षापासून आम्ही ती पाळत आलो आहोत. आगमनकाळ आणि उपवासकाळ यांना जांभळा, नाताळ व पास्काला पांढरा, हुतात्म्यांना आणि पवित्र आत्म्याच्या सणाला तांबडा, सामान्यकाळाला हिरवा. सुमारे १२०० साली पोप तिसरे इनोसंट यांनी या रंगांचे विवेचन लिहून ठेवले. त्यात धर्मगुरूच्या कांतीचा विचार कोठेही केलेला नाही. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी झूल पांघरून जेव्हा एखादे सावळे, स्थूल, टक्कल पडलेले धर्मगुरू वेदीपुढे येतात, तेव्हा हा रंग त्यांना खुलतो का, असे भाविकांच्या मनातही येत नाही. कारण तो रंग आनंदाचा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. आमच्या आजीपिढीची तांबडी लुगडीही तशीच. गोरी सून असो की सावळी, लुगडे तांबडेच. आणि सणाच्या दिवशी त्या रांगेत कोणीही फिके दिसले नाही. रंग जेव्हा सर्वांचा मिळून असतो, तेव्हा कोणाचेच उणे दिसत नाही.

म्हणून पालकहो, तुमच्याकडे एवढीच विनंती. मुलांबरोबर जीन्स घ्यायला जाल, तेव्हा त्यांच्या ऋतूंची थट्टा करू नका. स्वतःला काय खुलते हे जाणण्याची ओढ निरोगी आहे. त्यांना हवे तर एवढे सांगा, की जीन्स चेहऱ्यापासून दूर असते, चेहऱ्याचा खरा शेजारी सदरा किंवा कुर्ता. तेव्हा आवडलेला निळा कोणताही असो, वरचे वस्त्र विचाराने निवडा म्हणजे काम भागते. सावळ्या अंगाला फिकट निळा उठाव देतो, गर्द निळा भारदस्तपणा देतो. दोन्ही शोभतात, प्रत्येकाची शोभा निराळी. कमरेत बसते का, वाकता-बसता येते का, शिवण पक्की आहे का, हे रंगाइतकेच पाहा. पहिले काही दिवस उलटी करून थंड पाण्यात वेगळी धुवा, नाहीतर घरातल्या पांढऱ्या कपड्यांनाही हिवाळा लागेल.

आणि ‘तुझ्या रंगाला हे शोभत नाही’ हे वाक्य घरातून कायमचे काढून टाका. त्याऐवजी आपल्या गावच्या कापडदुकानातली जुनी रीत पाळा. दुकानातल्या दिव्यांखाली रंग फसवे दिसतात, म्हणून आपल्या आया कापड हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत येत आणि दिवसाच्या उजेडात ते अंगाला लावून पाहत. मुलीला, मुलाला तसेच उंबऱ्याशी न्या. उजेड कोणाच्याही कातडीचा भेद करीत नाही. त्या उजेडात त्यांना स्वतःकडे पाहू द्या, आणि तुम्हीही पाहा.